कस्तुरबानगर आणि हेक्युबा

“मामा, तुमच्या त्या ट्रॉयच्या राणीचे वकीलपत्र मी घेणार नाही,” सेवाग्रामच्या रस्त्याला लागताच माझी भाची म्हणाली. ती वर्धेच्या कोर्टात वकिली करते. युरिपिडीसचे ‘हेक्युबा’ मीच तिला वाचावयास दिले होते.

“का बरे? पोटचा पोर ज्याच्या हवाली केला त्या पॉलिमेस्टरनेच सोन्याच्या लोभाने त्याचा घात केला, राज्य बुडाले, ती स्वतः दासी झाली, आणि ॲगॅमेम्नॉनपाशी इन्साफ मागितला तेव्हा त्या सत्ताधीशाने, स्वतःच्याच सैन्याच्या रोषाला भिऊन, ‘मी आड येणार नाही’ एवढेच आश्वासन दिले. मग तिने दाद कोणाकडे मागावी?”

“कोणाकडेच नाही, हे कबूल. पण तंबूत ट्रॉयच्या बायकांनी पॉलिमेस्टरच्या वस्त्रांची तारीफ करीत, त्याची लेकरे या हातातून त्या हातात खेळवीत दूर नेली, लपविलेली हत्यारे काढून आधी त्या लेकरांना मारले, आणि मग बापाचे डोळे फोडले. लेकरांचा गुन्हा कोणता?”

याचे उत्तर युरिपिडीसनेही दिलेले नाही. हेक्युबा अखेर कुत्री होईल, हे भाकीत तेवढे त्याने त्या आंधळ्याच्या तोंडी घातले आहे. मी विषय जवळ आणला.

“मग १३ ऑगस्ट २००४ चे नागपूर घे. ज्या बांनी इथल्या कुटीत वर्षे काढली त्यांच्याच नावाची ती वस्ती, कस्तुरबानगर. अक्कू यादव नावाच्या गुंडाच्या अत्याचारांनी तिथल्या बायका वर्षानुवर्षे पिचलेल्या, पोलीस आपली दखल घेत नाहीत ही त्यांची तक्रार; आणि तो जामिनावर सुटणार अशी वदंता उठताच शे-दोनशे बायका मिरचीपूड, दगड नि सुऱ्या घेऊन थेट जिल्हा न्यायालयाच्या दालनात शिरल्या आणि त्याला तिथेच ठार केले. तिथे लेकरे नव्हती.”

“पण न्यायासन होते! इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये ईस्किलसने आपल्या नाटकात सूडदेवतांना कोर्टात उभे केले. त्या हरल्या, तरी अथेनादेवीने त्यांना हाकलले नाही, नगरातच मानाचे ठाणे दिले, कारण भय पार नाहीसे झाले तर कायदाही टिकत नाही, हे ती जाणत होती. नागपुरात त्या आल्या त्या फिर्यादी म्हणून नव्हेत.”

“फिर्याद ऐकायला कोणी तयार असते, तर तशाच आल्या असत्या. बापूंनीसुद्धा सेवाग्रामच्या काळात, १९४२ मध्ये, ‘हरिजन’मधून लिहिले होते की अत्याचार होत असताना स्त्रीने हिंसा-अहिंसेचा विचार करीत बसू नये.”

“अत्याचार होत असताना, मामा! हा आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता.”

“ज्या वस्तीला तो उद्या परत येईल या धास्तीने झोप नाही, तिथे ती घटका संपली असे कोणी मुक्रर करायचे? तू, की ती?”

वकिलाला न शोभणारा विलंब करून ती म्हणाली, “ती. एवढे मी देते. पण पुढचे ऐका. २०१४ मध्ये त्याच्या खुनाचे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि लोक त्याला बायकांचा विजय म्हणतात; मी म्हणत नाही. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला कायद्यानेच संपतो. हेक्युबेच्या बाबतीत ॲगॅमेम्नॉनने, उशिरा का होईना, दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून पॉलिमेस्टरला दोषी ठरविले होते. अक्कूवरच्या प्रलंबित आरोपांचा निकाल मात्र कोणत्याही कोर्टाने दिला नाही, आणि आता देणारही नाही.”