वाट आणि वहिवाट

मालकी हा शब्द व्यवहारांत जितका सोपा वाटतो, तितकाच विचारांत अवघड ठरतो. शेत माझें म्हटल्यावर त्या शेतांत कोणीं यावें आणि कोणीं येऊं नये हें ठरविण्याचा अधिकारहि माझाच, असें आपण गृहीत धरून चालतों. या समजुतीस जगांत जर कोठें रोजच्या रोज आणि अगदीं शांतपणें बाध येत असेल, तर तो इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील पायवाटांवर. खासगी मालमत्तेस जपणारा देश असा इंग्लंडचा लौकिक आहे. त्याच देशांत, वेल्स धरून, सुमारें १,४०,००० मैल लांबीच्या सार्वजनिक वाटा आहेत. त्यांतील बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या शेतांतून, कुरणांतून किंवा रानांतून जातात, आणि त्यांवरून चालण्यास कोणाचीहि परवानगी लागत नाहीं. हा विरोध कसा उपजला आणि त्यांत नीतीचा कोणता प्रश्न दडला आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही दक्षिण इंग्लंडांतील खडूचा मुलूख घेतों. विल्टशरच्या पठाराकडून या खडूच्या टेकड्यांच्या रांगा पूर्वेकडे पसरत जातात. एक रांग डोव्हरच्या आणि दुसरी बीची हेडच्या पांढऱ्या कड्यांशीं समुद्रास भिडते. इंग्रजींत या टेकड्यांस 'डाउन्स' म्हणतात. आजच्या इंग्रजींत त्या शब्दानें 'खालीं' असा अर्थ ध्वनित होतो खरा, परंतु जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ टेकडी असाच होता. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर सांचून हा खडू झाला. त्यावर मातीचा थर पातळ, त्या मातीवर शतकानुशतकें मेंढ्यांनीं चरून राखलेलें आंखूड गवत, आणि उतारांवर बीच वृक्षांचीं रानें. अशा भूमींत वाट बांधावी लागत नाहीं. माणसें एकाच रेषेनें चालूं लागलीं कीं गवत झिजतें, खालचा खडू उघडा पडतो, आणि ती पांढरी रेघ दुरूनहि डोळ्यांत भरते.

हॅम्पशरमधील सेलबोर्न हें असेंच खडूच्या टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें खेडें. गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें या एका गांवाच्या पशुपक्ष्यांविषयीं आणि ऋतुमानाविषयीं लिहिलेलें पुस्तक १७८९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यामुळें या खेड्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. या गांवीं दोन प्रकारच्या वाटा आहेत. गांवामागील चढावर एक नागमोडी वाट आहे. ती १७५३ सालीं व्हाइट आणि त्याचा भाऊ यांनीं खोदून काढली. दुसऱ्या प्रकारच्या वाटा मऊ खडकांतून गेलेल्या. वर्षानुवर्षांची रहदारी आणि पावसाचें पाणी यांनीं त्या इतक्या झिजल्या, कीं कांहीं ठिकाणीं त्या शेतांच्या पातळीखालीं सोळा-अठरा फूट गेल्या असल्याचें व्हाइटनेंच नमूद केलें आहे. आपल्याकडील एखाद्या जुन्या पाणंदीची वाचकांस आठवण व्हावी अशाच या खोल गल्ल्या. एका वाटेचा कर्ता आणि साल दोन्ही ठाऊक आहेत. दुसरीला कर्ताच नाहीं, चालणारे तेवढे आहेत. आतां, लोकांचा हक्क कोणत्या वाटेवर अधिक? कायद्याचें उत्तर असें, कीं वाट कोणीं केली हें पाहूं नका. ती कोणीं, किती काळ आणि कोणत्या भावनेनें चालविली हें पाहा.

आपल्या भाषेनें ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली आहे. दीर्घ उपभोगानें जो हक्क जमतो त्यास आपण 'वहिवाट' म्हणतों, आणि त्या शब्दांत वाट आधींच येऊन बसली आहे. वहिवाटीच्या हक्कांसंबंधीं आपल्याकडील १८८२ चा कायदा वीस वर्षांची मुदत सांगतो. सार्वजनिक वाटांसंबंधींच्या इंग्लंडच्या १९३२ च्या कायद्यानें तीच मुदत सांगितली. वीस वर्षें लोक अखंड चालत राहिले, तर मालकानें ती वाट लोकार्पण केली असें मानावयाचें. मात्र हें चालणें तीन दोषांपासून मुक्त असलें पाहिजे. तें बळजोरीचें नसावें, चोरटें नसावें, आणि परवानगीचेंहि नसावें.

पहिल्या दोन अटी कोणासहि पटतील. तिसरी मात्र चमत्कारिक वाटते. ज्या मालकानें "या, खुशाल चाला" असें म्हटलें, त्याच्या शेतांत कितीहि वर्षें चालून हक्क उत्पन्न होत नाहीं. ज्यानें पाहून न पाहिल्यासारखें केलें, त्याच्या शेतांत मात्र होतो. म्हणजे बोलून दाखविलेली उदारता हक्काचें बीज जाळते आणि मुकी उदारता तें रुजविते. यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांस अडवूं नये म्हणून जो सज्जन गप्प बसला, त्याच्याच सौजन्याचा पुरावा करून त्याची जमीन बांधून टाकणें हा कृतघ्नपणा नव्हे काय? आणि अशा कायद्यामुळें शहाणा मालक उद्यां कुंपणावर पाटी लावणार नाहीं काय? तशा पाट्या लागतात, ही वस्तुस्थिति आहे. परवानगीची पाटी लावून हक्क रोखण्याची सोय कायद्यानेंच ठेविली आहे.

तरीहि आम्हांस या तिसऱ्या अटीच्या मुळाशीं मोठें शहाणपण दिसतें. परवानगीनें चालणारा हा पाहुणा असतो, आणि पाहुण्याचें येणें यजमानाच्या मर्जीवर अवलंबून राहतें. मालक मेला, वारस आला, शेत विकलें गेलें, कीं कालची मर्जी आज राहत नाहीं. गेल्या शतकांच्या इतिहासांत याचा अनुभव इंग्लंडच्या शेतमजुरांस पुरेपूर आला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं गांवोगांवचीं सामायिक रानें कुंपणांत गेलीं. १८१५ च्या एका कायद्यानें तर दोन न्यायाधिकाऱ्यांस अनावश्यक वाटणारी पायवाट बंद करण्याची मुभा दिली. आणि हे न्यायाधिकारी बहुधा जमीनदार वर्गांतलेच असत. चर्चला, गिरणीला, कामाच्या शेताला नेणारी वाट कोणास अनावश्यक वाटेल, हें तो कोठें राहतो आणि कशांत बसून हिंडतो यावर ठरतें. ज्यानें ती वाट कृपा म्हणून घेतली असेल त्याला तेथें तोंड उघडतां येत नाहीं. ज्यानें हक्क म्हणून घेतली असेल त्याला येतें. कृपेनें मिळालेल्या सुखांत आणि हक्कानें मिळालेल्या सुखांत पावलांना फरक कळत नसेल, पण मानेला कळतो.

यावरून हक्क म्हणजे मोकळीक असें मात्र कोणीं समजूं नये. या खडूच्या माळांवर शर्यतीचे घोडे तयार करण्याची जुनी चाल आहे. विल्टशरमध्यें अशाच एका जमिनीवरून सार्वजनिक रस्ता जात होता. घोड्यांची परीक्षा चालू असतां एक बातमीदार त्या रस्त्याच्या पंधराएक यार्डांच्या टप्प्यांत सुमारें दीड तास येरझाऱ्या घालून टिपणें घेत राहिला. पाऊल रस्त्याबाहेर न टाकतांहि त्यानें अतिक्रमणच केलें, असा निर्णय १९०० सालीं वरिष्ठ न्यायालयानें दिला. रस्ता जाण्यायेण्यासाठीं आहे, दुसऱ्याच्या धंद्यावर पाळत ठेवण्यासाठीं नाहीं, हें त्यांतील तत्त्व. उलट बाजूनें शेतकऱ्यावरहि बंधन आहे. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठीं नांगरावी लागली तर ती नांगरण्यास १९९० चा कायदा मोकळीक देतो. परंतु प्रथम नांगरल्यापासून चौदा दिवसांच्या आंत ती चालण्याजोगी करून ठेविली पाहिजे. हक्क मनुष्यास आभाराच्या ओझ्यांतून सोडवितो, मर्यादेंतून नव्हे. किंबहुना कृपेपेक्षां हक्कांतच मर्यादा अधिक स्पष्ट असते, कारण ती दोघांसहि आधींपासून ठाऊक असते.

आतां राहिला लेखी पुराव्याचा प्रश्न. १९४९ च्या कायद्यानें या सर्व वाटांचे अधिकृत नकाशे करण्यास सांगितलें. नकाशांत दाखविलेली वाट निर्विवाद झाली. पण जी नोंदवावयाची राहिली तिचें काय? २००० सालच्या कायद्यानें जुन्या वाटांच्या नोंदीस २०२६ ची मुदत घातली. २०२३ मध्यें ती २०३१ पर्यंत लांबविली. आणि २०२४ च्या डिसेंबरांत ती मुदतच काढून टाकण्याचा मानस सरकारनें जाहीर केला. मुदतीच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें असें, कीं आज शेत विकत घेणाऱ्यास उद्यां शंभर वर्षांपूर्वींच्या वाटेचा दावा येऊं नये. यांत तथ्य आहे, आणि तो दावा येईल त्या शेतकऱ्याविषयीं आम्हांस सहानुभूतीहि आहे. परंतु ज्या हक्काचा जन्म कागदावांचून झाला, तो कागद नाहीं म्हणून एका ठराविक दिवशीं मेला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. नकाशा हा वाटेचा साक्षीदार आहे. साक्षीदार वेळेवर न आल्यानें घडलेली गोष्ट न घडलेली होत नाहीं. खरेदीदाराची अडचण दूर करावयाची तर नोंदीचें काम जलद करावें. हक्काचा काळ संपवून ती दूर करूं नये.

तथापि कायद्यावर सर्व भार टाकून लोकांस स्वस्थ बसतां येणार नाहीं. एकदां सार्वजनिक झालेली वाट नुसत्या न वापरण्यानें नाहींशी होत नाहीं, असें इंग्लंडचा कायदा मानतो. पण हॉथॉर्नचीं काटेरी झुडपें कायदा मानीत नाहींत. दहा वर्षें कोणी न फिरकलें तर नकाशावरची वाट नकाशावरच राहते. ज्यांनीं वाट पाडली ते काम करण्यासाठीं चालत होते. त्यांच्या नातवंडांस तें काम उरलें नाहीं. म्हणून आज रविवारीं हवा खाण्यास निघालेला शहरवासी जेव्हां त्या कुंपणाची पायरी ओलांडतो, तेव्हां तो एका मेलेल्या मजुराचा हक्क चालवीत असतो. हें त्याच्या ध्यानांत असो वा नसो. परंतु तें ध्यानांत ठेवून जो चालेल, तो फाटक लावून घेईल, पिकांत पाय टाकणार नाहीं, आणि जमीनमालकाशीं बोलण्याचा प्रसंग आलाच तर ताठ मानेनें पण नम्रपणें बोलेल. भूमि एकाची आणि जाणें सर्वांचें, ही व्यवस्था टिकण्यास याहून अधिक कशाचीहि आवश्यकता आहे असें आम्हांस वाटत नाहीं.