दस्तरखानावरची रिकामी जागा



इशाची नमाज अदा करून आपण शहागंजच्या मशिदीतून बाहेर पडतो, तेव्हा बाजार अजून जागा असतो. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती फळांच्या व भाजीच्या हातगाड्या उभ्या असतात, कापड-दुकानांतील दिवे एकेक करून मालवले जात असतात आणि दुकानदार हिशेबाची वही मिटून घराची वाट धरतात. थोड्या वेळापूर्वी हेच लोक एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे होते. व्यापारी आणि हमाल, वयस्कर आणि लहान यांच्यात तेथे कोणताही भेद नव्हता. आता प्रत्येकजण आपापल्या घरी जाईल आणि जेवेल. प्रश्न एवढाच आहे की, मशिदीत एकत्र उभे राहणारे आपण घरी गेल्यावर एकत्र बसतो काय?

आपल्या घरांची रात्र प्रामाणिकपणे डोळ्यांसमोर आणा. थोरला मुलगा वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून येतो आणि झाकून ठेवलेले ताट उघडतो. धाकटा मोबाईल हातात धरून खाटेवरच जेवतो. मुलगी शिकवणीहून आलेली असते. तिने वाटेत काहीतरी खाल्लेले असते. अब्बा साडेदहाला येतात आणि दूरचित्रवाणीसमोर एकटे बसतात. चार वेळा तवा तापतो, चार वेळा सालन गरम होते. ज्या हातांनी हे सर्व केले ते हात मात्र सर्वांत शेवटी, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, उरलेल्या सालनाला पोळी लावतात. घरात अन्नाची उणीव नाही. तरीही अनेक कुटुंबप्रमुख तक्रार करतात की, कमाईत बरकत राहिलेली नाही आणि घरात समाधान नाही.

हीच तक्रार घेऊन काही सहाबी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापाशी आले होते. आम्ही जेवतो, परंतु तृप्ती होत नाही, असे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना अन्नाचे प्रमाण विचारले नाही. तुम्ही वेगवेगळे जेवत असाल, असे ते म्हणाले. लोकांनी होकार दिला. तेव्हा एकत्र बसून जेवा व अल्लाहचे नाव घ्या, तुमच्या अन्नात बरकत दिली जाईल, असा उपदेश त्यांनी केला. हजरत वहशी बिन हर्ब (रजि.) यांच्या निवेदनातून ही हदीस ‘अबू दाऊद’ व ‘इब्ने माजा’ या संग्रहांत आलेली आहे. दुखणे एक सांगितले गेले आणि उपचार दुसऱ्याच ठिकाणी केला गेला, कारण दुखणे खरोखर तेथेच होते.

येथे एक गैरसमज होऊ नये. इस्लामने एकटे जेवणे निषिद्ध ठरविलेले नाही. त्या काळच्या अरबांपैकी काहींना एकटे जेवणे पाप वाटत असे आणि सोबती मिळेपर्यंत ते उपाशी राहत. कुरआनच्या सूरह अन्-नूरमधील ६१ व्या आयतीने ही अडचण दूर केली आणि एकत्र अथवा वेगवेगळे जेवण्यात कोणताही गुन्हा नाही असे स्पष्ट केले. म्हणून रात्रपाळीच्या कामगाराने, परगावी शिकणाऱ्या मुलाने किंवा एकाकी वृद्धाने मनाला लावून घेऊ नये. अल्लाहने आपणास अडचणीत टाकलेले नाही. परंतु सवलत ही अडचणीसाठी असते. एका छताखाली, एकाच वेळी जागी असलेली माणसे केवळ सवयीने वेगवेगळी जेवत असतील, तर ती बरकतीचा एक दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करीत आहेत.

आता त्या कोपऱ्यात बसलेल्या व्यक्तीकडे वळू या. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. प्रेषितांचा (स.) एक इराणी शेजारी उत्तम रस्सा बनवीत असे. एके दिवशी त्याने तो तयार केला आणि प्रेषितांना (स.) बोलावण्यास आला. प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे निर्देश करून यांनाही बोलावणे आहे काय, असे विचारले. शेजारी नाही म्हणाला, तेव्हा प्रेषितांनीही (स.) नकार दिला. तो पुन्हा आला, पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तोच नकार. तिसऱ्या वेळी त्याने दोघांनाही आमंत्रण दिले, तेव्हाच ती दोघे उठून त्याच्या घरी गेली. ज्या घरात कित्येक दिवस चूल पेटत नसे, त्या घराच्या प्रमुखाने पत्नीवाचून रस्सा पिण्यास दोन वेळा नकार दिला. याच संग्रहात हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, मासिक धर्माच्या दिवसांत, जेव्हा काही समाज स्त्रीला ताटापासून दूर ठेवीत, तेव्हा प्रेषित (स.) त्यांच्या हातचा प्याला घेऊन त्यांनी जेथे ओठ लावले तेथेच आपले ओठ लावीत असत.

या हदीसी आपण अनेकदा ऐकतो आणि ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. त्यानंतर घरी येऊन दस्तरखानावर बसतो व आतून गरम पोळी येण्याची वाट पाहतो. मी स्वतःला यातून वगळत नाही. माझी आई आयुष्यभर सर्वांच्या मागून जेवली. तिच्या इंतकालानंतर कोणीतरी मला विचारले की, तुमच्या अम्मींना काय खायला आवडत असे? मला उत्तर देता आले नाही. तिच्या हातची चव मला पाठ होती. तिची आवड मात्र मी कधी पाहिलीच नव्हती, कारण तिला जेवताना मी क्वचितच पाहिले होते. हजारो जेवणांत मी एकदाही ‘अम्मी, तुम्हीही बसा, तुम्ही बसल्याशिवाय आम्ही सुरुवात करणार नाही’ असे म्हणालो नाही. आता दुआखेरीज माझ्या हाती काही उरलेले नाही. ज्यांच्या माता अजून आहेत, त्यांच्या हाती आज रात्रीचे जेवण आहे.

काही भगिनी म्हणतील, आम्ही बसलो तर पोळ्या कोण करील? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर केवळ उपदेशाने मिळणार नाही. ज्या जेवणासाठी एका व्यक्तीला शेवटच्या घासापर्यंत चुलीपाशी उभे राहावे लागते, ते जेवण कितीही चविष्ट असले तरी कुटुंबाला एकत्र बसू देत नाही. म्हणून दस्तरखानावर सर्वांना पाहावयाचे असेल, तर प्रथम दस्तरखान साधे करावे लागेल.

प्रेषितांनी (स.) एकदा घरात तोंडी लावण्यास काय आहे असे विचारले. सिरक्याशिवाय काही नाही, असे उत्तर आले. त्यांनी तोच मागविला, त्याबरोबर जेवले आणि सिरका हे किती चांगले तोंडीलावणे आहे, अशी त्याची प्रशंसा केली. हजरत अबू हुरैरा (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत; आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. ज्या घरात मीठ कमी पडल्यावरून आवाज चढतो, त्या घराने या सुन्नतचा विचार करावा. आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याप्रमाणे, ते घरात असताना घरच्यांच्या कामात असत व नमाजची वेळ होताच निघत. भांडी उचलण्याने कोणा पुरुषाचा मान कमी होत असता, तर सर्व मानवांत श्रेष्ठ अशा पुरुषाने घरातील कामांना हात लावला नसता.

साधेपणाचे साधन आपल्या घरांत पूर्वापार आहे. आपली खिचडी आणि खट्टा पाहा. सहा माणसांसाठी अडीच वाट्या तांदूळ व एक वाटी मसूर डाळ धुऊन घ्यावी. कांदा, आले-लसूण व हळद तेलावर परतून त्यात घालावी आणि बेताचे पाणी टाकून झाकण ठेवावे. खिचडी शिजेपर्यंत चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाची पूड, बारीक चिरलेला कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ मिसळले की खट्टा तयार होतो. वर जिरे व लाल मिरचीचा बघार दिला तर उत्तम. कांदा मुलगा चिरू शकतो, चिंच मुलगी कोळू शकते, दस्तरखान अब्बा अंथरू शकतात. पाऊण तासात सर्व काही एकाच वेळी समोर येते आणि आत जाण्याचे कोणाला कारण उरत नाही. दुधी भोपळा घातलेला डालचा व भात, बटाटे घातलेली तहरी, पिठले व आधीच करून ठेवलेल्या ज्वारीच्या भाकरी हेही असेच आहेत. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तेथे एका पातेल्याचा स्वयंपाक भांड्यांचे पाणीही वाचवितो. पाण्याची बचत हीदेखील आपल्या धर्माची शिकवण आहे.

आपल्या शहराची ख्याती असलेल्या नान-खलियाकडेही या दृष्टीने पाहावे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासाठी हा पदार्थ बनू लागला, असे परंपरेने सांगितले जाते. मोठ्या देगीतला रस्सा आणि भट्टीतली नान यांवर शेकडो माणसे एकाच वेळी जेवतात. लग्नात लक्षाधीश व मजूर यांच्यासमोर तोच खलिया येतो. तसेच पाणचक्कीचे. हजरत बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ही चक्की नहरीच्या पाण्यावर फिरत असे आणि तेथील फकीर व प्रवासी यांच्यासाठी धान्य दळत असे. अनोळखी माणसांसाठी एकत्र शिजवणाऱ्या व दळणाऱ्या या शहरात सख्खी माणसे वेगवेगळी जेवू लागली, तर ते शोभणारे नाही. खेदाची गोष्ट अशी की, लग्नातील दस्तरखानावर आता पदार्थांची चढाओढ सुरू झाली आहे आणि उरलेले अन्न फेकले जाते. सूरह अल्-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्या-पिण्याच्या अनुमतीसोबतच उधळपट्टीची मनाई आहे, हे आपण विसरता कामा नये.

मुलांचा विचार करा. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) छत्रछायेत वाढत होते. लहानपणी जेवताना त्यांचा हात ताटात सर्वत्र फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना ‘मुला’ अशी प्रेमाने हाक मारून तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा. हीच आपली जेवण्याची रीत कायम राहिली, असे ते मोठेपणी सांगत. ‘बुखारी’ व ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. हे शिक्षण शक्य झाले, कारण ते दोघे एका ताटात जेवत होते. वेगळ्या खोलीत जेवणाऱ्या मुलाचा हात कोठे फिरतो हे आपणास कसे दिसणार? आणि आज केवळ हातच नव्हे, तर पडद्यावर त्याची नजर कोठे फिरते हेही आपणास दिसत नाही. ज्या मुलाचा चेहरा आपण रोज जेवताना पाहतो, तो कोणत्या दिवशी दोन घास कमी जेवला हे आपल्या लक्षात येते. पुष्कळ दुःखे अशा सोडलेल्या घासांतून प्रथम कळतात. मात्र दस्तरखान हे न्यायालय नाही. परीक्षेतील गुण आणि घरखर्चाची उलटतपासणी तेथे नको. नाही तर मुले पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातील.

एकत्र बसलेले कुटुंब स्वतःभोवती भिंत बांधीत नाही. एकाचे अन्न दोघांना व दोघांचे चौघांना पुरते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. रश्शात पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याचा विचार करण्याची सूचना त्यांनी हजरत अबूजर (रजि.) यांना दिली होती. ज्याने स्वयंपाक करून आणला त्या सेवकाला सोबत बसवावे, निदान त्यातील एक-दोन घास त्याच्या हाती द्यावेत, असेही त्यांनी सांगितले. आपल्या घरी स्वयंपाकास येणारी भगिनी उपाशीपोटी पायऱ्या उतरते काय, हे आजच पाहून घ्या. शेजारी मुस्लिम आहे की नाही, हा प्रश्न रश्श्याच्या वाटीने विचारावयाचा नसतो.

बंधू-भगिनींनो, सर्व घरांचे वेळापत्रक एकसारखे नसते. म्हणून शक्य तेवढेच ठरवा, परंतु ठरविलेले पाळा. दिवसातून एक जेवण एकत्र होऊ द्या. दुकान व पाळीमुळे रात्र जमत नसेल तर फज्रनंतरची न्याहारी निवडा. तेही जमत नसेल तर जुमाच्या नमाजनंतरचे जेवण तरी निवडा. त्या अर्ध्या तासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. सर्वजण बसल्यावरच बिस्मिल्लाह म्हणा आणि जिने शिजविले तिने पहिला घास घेईपर्यंत थांबा. शेवटी अलहम्दुलिल्लाह म्हणून प्रत्येकाने आपले ताट स्वतः उचला. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी आपण हे सर्व सहज करतो. खजूर हातात धरून अजानची वाट पाहताना घरातील कोणीही एकटे नसते. वर्षाचे उरलेले अकरा महिने ती शिस्त कोठे जाते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आज रात्री दस्तरखान अंथरला की एकदा मोजून पाहा. एखादी जागा रिकामी दिसली, तर हाक मारा आणि ती व्यक्ती येईपर्यंत घास उचलू नका.

हे अल्लाह, आमच्या उपजीविकेत बरकत दे, आमच्या घरांत प्रेम व आदर निर्माण कर. ज्यांनी आम्हाला भरविले आणि जे आज आमच्यात नाहीत, त्यांना क्षमा कर व तुझ्या जन्नतमध्ये आम्हाला त्यांच्यासोबत बसव. आमीन.