मधली हवा

कळंबोलीत डोंगर शोधावा लागत नाही. गच्चीवर जाऊन पूर्वेकडे तोंड केलं, की पोलाद बाजाराच्या पत्र्यांपलीकडे प्रबळगड उभा असतो. त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका आणि दोघांमधली ती खोल खाच. डावीकडे, जरा मागे, माथेरानची लांबट रेघ. तैलरंग नुकतेच हाती घेतलेल्याला सरावासाठी आणखी काय हवं?

अडचण लगेच येते. प्रबळच्या माथ्यावर रान आहे हे ठाऊक असतं, म्हणून हात हिरव्या रंगाकडे जातो. कलावंतिणीच्या कातळात पायऱ्या खोदलेल्या आहेत, आपण त्या चढूनही आलेलो असतो. मग बारीक ब्रशने त्याही काढाव्याशा वाटतात. एवढं सगळं इमानेइतबारे केलं, की बारा-पंधरा किलोमीटरवरचा डोंगर पुढे सरकतो आणि एक्सप्रेसवेकडे निघालेल्या ट्रेलरच्या टपावर जाऊन बसतो.

जाणकार सांगतात, सर्वांत दूरचं आधी रंगवा आणि फिकं ठेवा. माथेरानसाठी भरपूर पांढरा, थोडा अल्ट्रामरीन, निळ्याचा भडकपणा मारायला बर्न्ट सिएनाचा ठिपका. प्रबळ त्याहून जरा गडद. ठसठशीत कडा आणि उबदार रंग फक्त समोरच्या झाडाला. कारण साधं आहे. डोंगर आणि डोळा यांच्यामध्ये हवा असते. ती प्रकाश विखुरते, आणि त्यातला निळा अधिक विखुरतो. अंतर वाढेल तसा हा प्रकाश डोंगराच्या मूळ रंगावर पसरत जातो. म्हणजे ती निळाई डोंगराची नव्हे, मधल्या हवेची. पावसाने हवा धुतली, की तोच प्रबळ जवळ आलेला आणि हिरवा दिसतो.

ही हवा रंगवायची सोय तैलरंगात आहे: वाळलेल्या थरावर तेलात पातळ केलेला पारदर्शक थर. घाई मात्र चालत नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं.

कास्पार डेव्हिड फ्रीडरिश (1774–1840) या जर्मन चित्रकाराचं 1818 च्या सुमाराचं एक चित्र जगभर ओळखलं जातं: कड्यावर पाठमोरा उभा माणूस, खाली धुकं, धुक्यातून डोकावणारे सुळके. त्यातले डोंगर एका जागचे नाहीत. एल्ब नदीच्या परिसरात ठिकठिकाणी केलेली रेखाटनं त्याने ड्रेस्डेनच्या आपल्या चित्रशाळेत एकत्र आणली. त्यांना एका नजरेत बांधलं ते मधल्या धुक्याने. रोमँटिक निसर्गचित्राची भव्यता उंचीत कमी आणि अशा अंतरात जास्त असते. प्रबळगड सुमारे 2,300 फुटांचाच, पण तेवढा पुरतो.

‘दुरून डोंगर साजरे’ म्हणताना आपण डोंगरालाच खोटं पाडतो. चित्र शिकणारा इतक्या झटपट निकाल देत नाही. समोर दिसतंय त्यात डोंगराचं किती आणि मधल्या हवेचं किती, हे तो आधी पाहतो.

हा हिशेब माणसांच्या बाबतीत आपण क्वचितच मांडतो. घाटावरून येऊन कळंबोलीत स्थिरावलेल्या घरात गावाची आठवण निघते, तेव्हा तिच्यातला गोडवा थोडा गावाचा असतो आणि बराचसा मध्ये गेलेल्या वर्षांचा. बोलणं बंद झालेला भाऊ थंड वाटू लागतो. तो थंडपणा त्याचाच, असं आपण ठरवून टाकतो. कदाचित तोही मधल्या अंतराचा रंग असेल.

डोंगर जागचा हलत नाही, म्हणून चित्रकाराला ते अंतर आहे तसं रंगवावं लागतं. भावाला मात्र फोन करता येतो.