न वाचणाऱ्याचा हक्क

मरणासन्न माणसाच्या उशाशी बसून कलमा पढणे, त्याचे ओठ ओले करणे, त्याचा चेहरा किबल्याकडे करणे हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. परंतु हे घरातल्या मरणाचे झाले. एकाच पहाटे हजारो घरे कोसळतात, तेव्हा काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. १० जुलै २०२४ रोजी हिंगोलीच्या भूकंपाने परभणी जिल्हा हादरला आणि हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे, याची जाणीव झाली.

अशा वेळी डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात. वाचू शकेल त्याला आधी. ज्याची आशा नाही, तो मागे. यात अन्याय नाही. हात दोन आणि जखमी शंभर असतील, तर दुसरा मार्गच नसतो. पण मागे ठेवलेला माणूस अजून मेलेला नाही. त्याला वेदना होतात, भीती वाटते. 'वाचवता येत नाही' याचा अर्थ 'करण्यासारखे काही नाही' असा आपण कोणत्या अधिकाराने लावतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली, संकटकाळच्या मदतीतही पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरे न होणाऱ्याचे दुःख हलके करणारी सेवा, असली पाहिजे, असे मार्गदर्शन केले.

काहीजण म्हणतील, मॉर्फिन अफूपासून होते, ती नशा आहे. पण जरुरतीच्या वेळी मनाई शिथिल होते, हा फिकहचा जुना नियम आहे. आपल्या देशाच्या १९८५ च्या कायद्यानेही मॉर्फिन रुग्णापासून दूर ठेवले होते. २०१४ साली दुरुस्ती करून वाट थोडी मोकळी केली गेली. दुसरे काही म्हणतील, दुखण्याने गुनाह झडतात, सब्र करावा. खरे आहे, पण सब्र ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या वेदनेवर आपण सब्र करणे याला निष्ठुरपणा म्हणतात.

औषध डॉक्टरच देतील. प्रश्न उरतो तो वेळेचा. ज्या डॉक्टरला वाचणाऱ्यांकडे धावायचे आहे, तो न वाचणाऱ्याजवळ बसणार कसा? ते काम इतरांनी शिकून घ्यावे लागेल. किल्लारी कोसळली त्याच १९९३ साली केरळात कोझिकोडला पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू झाले आणि पुढे शेजारीपाजारी, विद्यार्थी, गृहिणी त्यात स्वयंसेवक झाले. कूस बदलणे, जखम स्वच्छ ठेवणे, घरच्यांशी खरे पण हळुवार बोलणे, हे साधी माणसे शिकू शकतात.

कोरोनाच्या काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम तरुणांनी जनाजे उचलले, हिंदू मृतांनाही अग्नी दिला. त्या खिदमतीचा अभिमान वाटतो. मात्र त्यातली बरीच माणसे वॉर्डात एकटीच गेली. इयादत, म्हणजे आजाऱ्याला भेटणे, आपण फर्जासारखे मानतो. प्रेताच्या सेवेला धावणारे हे हात एक पाऊल अलीकडे यावेत. परभणीत, जिंतूरला, गंगाखेडला दहा-दहा तरुणांनी हे शिक्षण संकट येण्याआधी घेतले, तर त्या घडीला मरणाऱ्याजवळ कुणीतरी बसलेले असेल. त्याचा धर्म कोणता, हे तेव्हा विचारू नये.