बंद ठेवलेलं यंत्र

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर एक बाई अत्यवस्थ झाली. फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गाठ अडकलेली. रात्रभर उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब लिहायचं काम जॉन गिबन या तरुण डॉक्टरकडे आलं. त्यांच्या डोळ्यांदेखत शिरा फुगत गेल्या, रक्त काळवंडत गेलं. सकाळी मोठ्या सर्जननी साडेसहा मिनिटांत गाठ काढली, पण बाई वाचली नाही.

हे काळं रक्त बाहेर घेऊन, प्राणवायू देऊन परत धमनीत सोडता आलं असतं तर? वरिष्ठांनी कल्पना फारशी मनावर घेतली नाही. गिबन मात्र बायकोला, मेरीला, सोबत घेऊन यंत्राच्या मागे लागले. ती मुळातली प्रयोगशाळेतलीच. प्रयोगाला मांजरं हवीत, म्हणून डॉक्टरसाहेब रात्री ट्यूना मासा आणि पोतं घेऊन गल्ल्या धुंडाळायचे! काचेच्या नळ्या, रबरी बुचं आणि एक गरगर फिरणारं नळकांडं; त्याच्या आतल्या बाजूला रक्ताचा पातळ थर पसरायचा आणि तिथे त्याला प्राणवायू मिळायचा. १९३५ मध्ये मांजराच्या फुप्फुसाची धमनी पूर्ण बंद केली तरी यंत्रावर रक्तदाब टिकला, तेव्हा नवराबायको तिथेच नाचले.

६ मे १९५३, फिलाडेल्फिया. १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक गिबननी शिवलं. २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुसं म्हणजे ते यंत्रच. मुलगी खडखडीत बरी झाली.

बरेच जण गोष्ट इथेच संपवतात. पण जुलैमध्ये पाच वर्षांच्या दोन मुली त्याच यंत्रावर दगावल्या. आदल्या वर्षी एक तान्हं मूलही गेलं होतं. गिबननी वर्षभर यंत्र बंद ठेवायचं ठरवलं आणि पुढे उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया स्वतः कधीच केली नाही. कुणी म्हणेल, कच खाल्ली. मला तसं वाटत नाही. वीस वर्षं खपून यश दाराशी आलेलं असताना एका जिवाच्या आनंदात तीन जीव न विसरणं, याला छाती लागते.

यंत्र त्यांनी कवटाळून मात्र ठेवलं नाही. आराखडे मेयो क्लिनिकच्या जॉन कर्कलिनना दिले. कर्कलिननी त्यात सुधारणा केल्या, आधी कुत्र्यांवर हात बसवला, आणि १९५५ मध्ये पहिल्या आठ रुग्णांपैकी चार जगवले. गिबन तोवर फुप्फुसांच्या शस्त्रक्रियांकडे परतले होते.