रुमालाखालचा भाव

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी, जेथे दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात आणि तरुणांच्या तोंडी फुटबॉलपटूंपेक्षा कबड्डीपटूंचीच नावे अधिक असतात, तेथे बसून विलायतेतील फुटबॉल क्लबांच्या जमाखर्चाची चिकित्सा करणे कोणास आगाऊपणाचे वाटल्यास त्यास मी दोष देणार नाही. परंतु या विषयाचा गाभा खेळाचा नसून भावाचा आहे, आणि भाव कसा ठरतो, किंबहुना तो कसा ठरू दिला जात नाही, याविषयी वऱ्हाडच्या माणसाने कोणाकडे शिकवणी लावावी असे मला वाटत नाही. हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित बाजारपेठ 1886 साली येथून फारशा दूर नसलेल्या कारंज्यास स्थापन झाली, आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच अंमलात आला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी वहिवाट या देशातील बाजारांत रूढ होती, तिच्या जागी उघड हर्रास यावा, आणि विकणाऱ्याचा कैवार घेणाऱ्या अडत्याने गुपचूप स्वतःच खरेदीदार होऊ नये, हे तत्त्व अशा कायद्यांतूनच पुढे रुजत गेले. गाडीवाल्याला कमी भाव मिळतो एवढेच त्या रुमालाचे पाप नव्हते. आपल्याला किती कमी मिळाला हे त्यास कधीच कळू शकत नसे, हे त्याहून मोठे पाप होते.

फुटबॉल क्लबाकडे द्रव्य तीन वाटांनी येते. सामन्याच्या दिवशी तिकिटांचे, प्रक्षेपणाच्या हक्कांचे, आणि तिसरे म्हणजे व्यापारी उत्पन्न, ज्यात सदऱ्यावरील पुरस्कर्त्याचे नाव, मैदानाभोवतीचे जाहिरातफलक, क्लबाच्या चिन्हाचे कपडे व वस्तू, उपाहारगृहाचा मक्ता इत्यादींचा समावेश होतो. पहिल्या वाटेला प्रेक्षागाराच्या आसनसंख्येची मर्यादा आहे. दुसरीचा भाव क्लब एकटा ठरवीत नाही, तो संघटनेच्या करारनाम्याने ठरतो. तिसरी वाट मात्र सर्वस्वी क्लबाच्या चालकांच्या कर्तबगारीवर अवलंबून असते, आणि म्हणूनच मालकाचे स्वतःचे दुकान असेल तर त्याचा हात प्रथम याच वाटेवर पडतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण न्यूकॅसल युनायटेडचे. खेळाच्या कपड्यांच्या व साहित्याच्या स्वस्त दुकानांची मोठी साखळी उभारणारे माइक ॲशली यांनी 2007 साली हा क्लब सुमारे 13 कोटी 40 लाख पौंडांस घेतला, आणि लवकरच त्यांच्या ‘स्पोर्ट्स डायरेक्ट’ या दुकानाचे नाव मैदानाच्या भिंतीभिंतीवर, छपराच्या कडांवर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यास टाळता येणार नाही अशा प्रत्येक जागी झळकू लागले. आणि या जागांचे भाडे म्हणून क्लबाच्या तिजोरीत दीर्घकाळ काहीही जमा झाले नाही. 2011 च्या नोव्हेंबरात तर एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले ‘सेंट जेम्सेस पार्क’ हे नाव बाजूस सारून मैदानालाच दुकानाचे नाव देण्यात आले, आणि समर्थन असे की संभाव्य पुरस्कर्त्यांस या जागेचे मोल दिसावे. वर्षभराने वोंगा या सावकारी करणाऱ्या कंपनीने नावाचा हक्क घेतला आणि जुने नाव परत बहाल करून लोकांची वाहवा मिळविली. स्वतःचे नाव न लावण्याचे पैसे सावकाराने मोजावेत, आणि नाव लावणाऱ्या मालकाने काहीच मोजू नये, हा प्रकार एखाद्या प्रहसनात शोभला असता.

या व्यवहारात क्लबाचे नुकसान केवळ बुडालेल्या भाड्याचे नव्हते. ज्या भिंतीवर एका दुकानाचे नाव फुकट आहे, तिच्या शेजारच्या जागेसाठी दुसरा व्यापारी पुरी किंमत का देईल? प्रतिस्पर्धी दुकानदार तर तिकडे फिरकणारही नाही. शिवाय क्लबाच्या वस्तूंची विक्री मालकाच्याच व्यवस्थेकडे गेली की विक्रीची रक्कम एका वहीत आणि कीर्ती दुसऱ्या वहीत अशी विभागणी होते. ॲशलींच्या कारकिर्दीत बड्या क्लबांचे व्यापारी उत्पन्न अनेक पटींनी वाढत असता न्यूकॅसलचे मात्र जागच्या जागी घुटमळत राहिले, ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

ॲशलींच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. त्यांनी क्लबास दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम बिनव्याजी कर्जाऊ दिली होती. तेवढ्या रकमेचे बाजारी व्याज दरसाल कित्येक लक्ष पौंड सहज झाले असते. तेव्हा भाडे नाही आणि व्याजही नाही, फिट्टंफाट झाली, असे म्हणता येईल. म्हणता येईल खरे, पण सिद्ध करता येणार नाही. दोन्ही उपकारांवर किंमतच लिहिलेली नसल्यामुळे कोण कोणाचे देणे लागतो याचा हिशेब मालकाच्या मनात असतो, दस्तऐवजात नसतो. आणि मनातल्या हिशेबात मालक हरल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

ग्लासगोच्या रेंजर्स क्लबात याच दुकानाचा संबंध मालकीने नव्हे तर कराराने व कर्जाने आला. 2015 च्या आरंभी पन्नास लक्ष पौंडांच्या कर्जाच्या मोबदल्यात क्लबाच्या विक्रीव्यवसायातील आणखी सव्वीस टक्के हिस्सा स्पोर्ट्स डायरेक्टकडे गेला. आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सदऱ्यामागे क्लबास मिळणारा वाटा किती क्षुल्लक आहे हे उमगताच पाठीराख्यांनी आपल्याच क्लबाचा सदरा विकत घेणे थांबविले. प्रेमापोटी केलेला असा बहिष्कार व्यापाराच्या इतिहासात विरळाच असेल. 2017 साली नवा करार झाला; तंटे मात्र त्यानंतरही न्यायालयात चालू राहिले.

न्यूकॅसलची कथा 2021 च्या ऑक्टोबरात पालटली. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने क्लब सुमारे 30 कोटी 50 लाख पौंडांस घेतला आणि दुकानाच्या पाट्या उतरविल्या. पुढे काय झाले? 2022 साली बाहीवर ‘नून’ या अरबी ऑनलाइन दुकानाचे नाव आले, ज्यात त्याच निधीची गुंतवणूक आहे. 2023 साली छातीवर ‘सेला’ आली, जी त्याच निधीची कंपनी. म्हणजे भिंत तीच आणि घरचे दुकानही तसेच. फरक इतकाच की पहिला मालक भाडे देत नव्हता, आणि दुसरा वाजवीपेक्षा अधिक भाडे तर देत नाही ना, अशी शंका इतर क्लबांना भेडसावू लागली. कारण खर्चाची मर्यादा उत्पन्नाशी बांधलेली असल्यामुळे फुगविलेले भाडे हे खेळाडू विकत घेण्याचे साधन होते. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीची स्पर्धा चालविणाऱ्या प्रीमियर लीगने तातडीने नियम केला की मालकाशी संबंधित पुरस्कर्त्याचा करार रास्त बाजारभावाचा असला पाहिजे. या नियमांविरुद्ध मँचेस्टर सिटी हा क्लब लवादाकडे गेला, आणि 2024 च्या निकालात लवादाने, इतर गोष्टींबरोबर, असेही म्हटले की भागधारकांची बिनव्याजी कर्जे या मोजमापातून वगळणे गैर आहे. न आकारलेले व्याज हाही एक भाव आहे, हे मान्य व्हायला ॲशलींच्या कर्जानंतर इतकी वर्षे जावी लागली!

आता या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली स्थापलेल्या आणि पुण्याहून चालणाऱ्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटव्यवसायातील उद्योगसमूहाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘व्हेंकीज’ने, 2010 च्या नोव्हेंबरात ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांस विकत घेतला. पोलादाच्या व्यापारात गब्बर झालेल्या जॅक वॉकर या गावकऱ्याच्या औदार्याने 1995 साली प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब. त्याच्या खेळाडूंना कोंबडीच्या तंगडीसह जाहिरातीत उभे करण्यात आले. या जाहिरातीचे खरे गिऱ्हाईक लँकेशरमध्ये नव्हतेच. ते इकडे, रात्री दूरचित्रवाणीसमोर बसलेले, पुण्याचे, नागपूरचे, आणि का नाही, दिग्रसचेही होते. योजना चाणाक्ष होती, पण तिचा सारा डोलारा क्लब जगाला दिसत राहण्यावर उभा होता. मालकी घेतल्यानंतर महिनाभरात सॅम अलार्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढण्यात आले. 7 मे 2012 रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, आणि त्याच सायंकाळी क्लब वरच्या श्रेणीतून खाली गेला. मालाची जाहिरात करावयास घेतलेल्या क्लबात मालच निषेधाचे प्रतीक झाला.

येथे पुण्याच्या मालकांवर ॲशलींवरचाच आरोप करणे अन्यायाचे होईल. त्यांनी क्लबास पिळून काही नेल्याचे दिसत नाही. उलट दरसालची तूट ते स्वतःच भरीत आले, आणि त्यासाठी कोट्यवधी पौंड इकडून तिकडे गेले. पण ज्या क्लबाची तूट मालक भरणार हे ठरलेलेच असते, त्याला फलकाच्या जागेसाठी घासाघीस करण्याची निकड कोठून यावी? फुकट नेणारा मालक व्यापारी उत्पन्न खुंटवितो, हे उघड दिसते. सदैव देणारा मालकही ते वाढू देत नाही, हे सहसा ध्यानात येत नाही. पुढे परकीय चलनविषयक चौकशीच्या अनुषंगाने मालकांना क्लबासाठी पैसे पाठविण्यापूर्वी दिल्ली उच्च न्यायालयाची अनुज्ञा घेणे आणि बँकेची हमी देणे भाग पडले, तेव्हा लँकेशरमधील पगारपत्रकाचा एक धागा दिल्लीच्या न्यायदालनात गुंतला. क्लबाने आपली भिंत, आपला सदरा आणि आपले नाव आजवर किती भावाने विकले होते, हा प्रश्न तेथील पाठीराखे त्यानंतर प्रथमच निकडीने विचारू लागले असतील तर त्यात नवल नाही.