उंबरठ्यावरचे पिल्लू



गेल्या हिवाळ्यात शहादा तालुक्यातील एक गृहस्थ इशाच्या नमाजनंतर माझ्याकडे आले. त्यांच्या आठवीतल्या मुलाने ठेलारी मेंढपाळांच्या तळावरून कुत्र्याचे पिल्लू आणले होते. घरात रहमतचे फरिश्ते येणार नाहीत, म्हणून दादी नाराज होत्या. "मौलाना, घरात कुत्रा पाळणे जायज आहे का?" मी म्हणालो, "नाही." दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते पिल्लू गावाबाहेर उसाच्या कडेला सोडून दिले.

काही दिवसांनी मुलगा मक्तबात भेटला. खाली मान घालून म्हणाला, "मौलाना, आमच्या दोन बकऱ्या बिबट्याने नेल्या. राखणीला म्हणून आणलं होतं." मग आम्ही पुष्कळ शोधले, पिल्लू सापडले नाही.

माझे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज एक कीरात कमी होतो, दुसऱ्या रिवायतीनुसार दोन, असे हदीसमध्ये आले आहे. परंतु त्याच हदीसमध्ये गुरेढोरे, शेती आणि शिकार यांसाठी ठेवलेला कुत्रा वगळला आहे. घराच्या राखणीचाही अनेक उलमांनी त्यातच समावेश केला. त्या घरी बकऱ्या होत्या, आणि मी ते विचारलेच नव्हते.

सवलत कामाला आहे. म्हणून कोणते जनावर कोणत्या कामाचे, हे जाणणे आलेच. सूरह अल-माइदाच्या ४ थ्या आयतीत शिकारी जनावरांना शिकवण्याचा उल्लेख येतो, आणि ती विद्याही अल्लाहनेच माणसाला दिली, असे तेथे सूचित होते. तेव्हा कुत्र्याची जात समजून घेणे ही निव्वळ हौस नव्हे. आपल्या महाराष्ट्रातील पश्मी आणि कारवानी ही नावेच फारसीशी नाते सांगतात. 'पश्म' म्हणजे लोकर, 'कारवान' म्हणजे काफिला. ही सडपातळ, वेगवान कुत्री नजरेने शिकार हेरून धावण्यासाठी जोपासली गेली. वन्य प्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने आळा घातला आहे. अशा धावपटूला अंगणात जन्मभर साखळीने बांधणे हा जुल्मच. बर्फाळ सैबेरियातील दुहेरी केसांचा हस्की ४० अंशांपुढे तापणाऱ्या खानदेशच्या उन्हाळ्यात आणणे, किंवा चपट्या नाकामुळे धापा टाकणारा पग केवळ मिरवण्यासाठी विकत घेणे, हेही तसेच. याउलट मेंढ्यांतच वाढलेले पिल्लू कळपाला आपला मानू लागते. त्या मुलाची निवड माझ्या फतव्यापेक्षा अधिक जाणती होती.

पाकीचा प्रश्न राहतो. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे. कोकणातील आपले शाफई बांधव संपूर्ण कुत्राच नापाक मानतात. त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यांतील एकदा मातीने, धुण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. म्हणून त्याची जागा गोठ्याजवळ असावी, भांडे वेगळे असावे. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे आणि तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस द्यावी. कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

आणि आता माझी मोठी चूक. पाळू नये असा हुकूम असला, म्हणून टाकून देण्याची परवानगी मिळत नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले. मांजर उपाशी कोंडून ठेवणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली. या दोन्ही हदीस मला पाठ होत्या. पण त्या रात्री मला कीरात आठवला, तहान आठवली नाही. ज्याला आपण उचलून आणले, त्याचे पोट आपल्यावर आले. ते घरात ठेवता येत नसेल, तर ज्या तळावरून आणले तेथे परत द्यावे, किंवा ज्याला गरज आहे अशा शेतकऱ्याच्या हाती सोपवावे.

सूरह अल-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या त्या ईमानवाल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे. पुढचे पाय पसरून उंबरठ्यावर बसलेला. तो आत नाही, पण हाकललेलाही नाही. त्यांची संख्या सांगताना लोक त्यालाही मोजतात, हे कुरआनने नोंदवून ठेवले आहे. उंबरठा हीसुद्धा एक जागा असते, हे मला त्या मुलाने शिकवले.

मी त्या घरी जाऊन चूक कबूल केली. आता कोणी असा प्रश्न आणला, तर आधी मी विचारतो: दारात काय आहे, काम काय आहे, आणि पिल्लू या क्षणी कोठे आहे? वाचकहो, तुमच्या घरी असा प्रश्न उभा राहिला, तर उत्तरापूर्वी हेच विचारा. अल्लाहतआला आपल्याला इल्मसोबत रहमही देवो. आमीन.